आधी टायर, मग स्प्रिंग: ट्रॅक-डेच्या एमएक्स-५ची जुळवणी

ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी, पहिल्यांदा येणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये दोन कामं आधीच उरकलेली असतात. गाडी जमिनीलगत बसवलेली असते आणि मडगार्डखाली मावतील तेवढे रुंद टायर घातलेले असतात. दिसायला झकास, पण पहिल्याच जोरदार वळणात ती मूळ गाडीपेक्षा आडमुठी निघते. खाली बसवल्यामुळे शॉकअब्सॉर्बरची चाल (दबण्याची जागा) संपलेली असते आणि वळणात गाडी बम्प स्टॉपच्या, म्हणजे चाल संपते तिथे अडवणाऱ्या, रबरावर जाऊन बसते. कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, कंपनीचाच राहिल्यामुळे रुंद टायरची फक्त बाहेरची कड डांबराला टेकते. पैसे २२५ मिलिमीटर रबराचे दिले आणि राबली ती एक कड.

टायर किती रुंद आहे यापेक्षा वळणात तो किती सपाट टेकतो, हे ट्रॅकवर जास्त मोलाचं आहे. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीसाठी आहे: आधी टायर ठरवा, त्याला साजेशी रिम घ्या, मग स्प्रिंग आणि शॉक, मग गाडीची उंची, मग अलाइनमेंट आणि शेवटी ट्रॅकवर हवा. हा क्रम उलटा केला की प्रत्येक काम दोनदा करावं लागतं.

उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५च्या पहिल्या दोन पिढ्या घेतल्या आहेत: १९८९ साली आलेली एनए आणि तिच्यानंतरची, २००५पर्यंत बनलेली एनबी. वजन टनाच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांत डबल विशबोन (चाक एकावर एक दोन आर्मवर धरणारी रचना), आणि कॅम्बर व टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) चारही चाकांवर जागच्या जागी बदलता येतात. ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी माणसाला ट्रॅकसाठी पहिली गाडी घ्यायची असेल तर आमच्या मते यापेक्षा चांगली शाळा नाही. भारतात माझदाने ही गाडी विकली नाही, म्हणून इथल्या वाचकांसाठी शेवटी पोलोबद्दल वेगळं लिहिलं आहे.

नवीन भाग लावण्याआधी

वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीवर महागडे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) लावण्याआधी ती मुळात धड आहे का ते बघा. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला आहे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅक तपासा. दांडीने आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) हलवून बघा. चिरा पडलेल्या बुशवर अलाइनमेंट करून उपयोग नाही. ब्रेक दाबला की आकडे बदलतात.

कॅम्बर-टोचे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) गंजून बुशच्या आतल्या नळीत जाम झालेले असतात. या गाड्यांतली ही सर्वांत त्रासदायक अडचण. अलाइनमेंटच्या आदल्या दोन-तीन संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्टची मूळ जागा पांढऱ्या रंगाने खुणावून घ्या. तरी हलला नाही तर जोर लावून पिळू नका. बोल्ट कापून नवा टाकणं स्वस्त पडतं.

टायर: माप आणि जात

टायरचा व्यास काढायला कागद-पेन्सिल पुरे. रुंदीला दुसऱ्या आकड्याच्या टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. एनबीचं एक मूळ माप १९५/५० आर १५ आहे. १९५ चे ५० टक्के ९७.५, दुप्पट १९५, अधिक ३८१, म्हणजे ५७६ मिलिमीटर. याच पद्धतीने २०५/५० आर १५ येतो ५८६, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा, आणि २२५/४५ आर १५ येतो ५८३.५, म्हणजे सव्वा टक्का मोठा. दोन टक्क्यांच्या आत राहिलात तर गिअरिंग, स्पीडोमीटर आणि मडगार्डमधली जागा यांचा फारसा प्रश्न येत नाही.

या गाडीसाठी १५ इंचाची रिम सोडू नका. सोळा-सतरा इंचाचं चाक जड होतं, टायरची भिंत पातळ होते, कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) रिम वाकते आणि टायरही महाग पडतो. हलकी १५ इंची रिम सहा-सात किलोत मिळते. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं आणि फिरतंही असतं, त्यामुळे तिथला एक किलो डिकीतल्या एका किलोपेक्षा कितीतरी महागात पडतो.

रुंदीचे दोन शहाणे पर्याय आहेत. इंजिन मूळच असेल आणि चालवणारा नवखा असेल तर ७ इंची रिमवर १९५/५० किंवा २०५/५०. हे टायर लवकर गरम होतात, सुटताना आधी सांगतात, आणि चालवणाऱ्याची चूक लपवत नाहीत. पुढची पायरी म्हणजे ८ इंची रिमवर २२५/४५. ट्रॅकवर ९ इंची रिमही सर्रास दिसते आणि तिच्यावर टायरची भिंत छान ताठ राहते, पण २२५/४५ साठी कंपन्यांचे तक्ते साधारण ७ ते ८.५ इंचच देतात. पहिल्या वर्षी तक्त्याच्या बाहेर जायची गरज नाही.

उलटी चूक जास्त वाईट: रुंद टायर अरुंद रिमवर. सहा इंची रिमवर २२५ चढवला तर टायरचा पट्टा मधे फुगतो, भिंत वळणात आडवी होते आणि स्टिअरिंग फिरवल्यापासून गाडी वळेपर्यंत मधे एक ढिला क्षण येतो. अशा गाडीपेक्षा सात इंची रिमवरचा १९५ वेगवान असतो.

आता जात. बाजूच्या भिंतीवरचा ट्रेडवेअर आकडा बघा; तो जितका कमी, तितका टायर चिकट आणि लवकर झिजणारा. साध्या रस्त्याच्या टायरला तो ३००च्या वर असतो. ट्रॅक-डेला येता-जाताही चालवता येतील असे टायर २००च्या वर्गात येतात, आणि त्याखाली ८० ते १०० असे जवळजवळ शर्यतीचे टायर असतात. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच चाचणी करून छापते, म्हणून दोन कंपन्यांचे '२००' एकसारखे धरू नका. हँकूक व्हेंटस आरएस४ आणि योकोहामा ॲडव्हान ए०५२ दोन्ही २००चेच, पण स्वभाव निराळे. ए०५२ एका फेरीत तापतो, पहिल्या काही फेऱ्यांत अफाट पकड देतो आणि भराभर झिजतो. आरएस४ जरा हळू, पण वीस मिनिटांचं सेशन न कुरकुरता काढतो आणि कितीतरी दिवस टिकतो. शिकायचं असेल तर आरएस४सारखाच टायर घ्या. फेरीची वेळ कमी करायला ए०५२ नंतर घेता येतो.

विकत घेताना भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. सवलतीत मिळालेला चार वर्षं पडून राहिलेला टायर कडक झालेला असतो. नव्या संचाचं पहिलं सेशन दहा-पंधरा मिनिटं मध्यम जोराने चालवा, मग शक्य असेल तर टायरला एक दिवस विश्रांती द्या. पहिल्याच दिवशी रपाटलं तर पकड लवकर उतरते.

रिमचा ऑफसेट: गणित आणि प्रत्यक्ष तपासणी

गाडीचा पीसीडी (स्टडची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४×१००, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर, स्टड एम१२×१.५. रिमचं भोक मोठं असेल तर हब-रिंग (मधली फट भरणारी कडी) घाला, नाहीतर ताशी शंभरच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसतो.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या जागेचं मिलिमीटरमधलं अंतर. त्याचं गणित असं, हबला टेकणाऱ्या जागेपासून मोजून: आतली कड म्हणजे रुंदीचा अर्धा भाग अधिक ऑफसेट, बाहेरची कड म्हणजे रुंदीचा अर्धा भाग वजा ऑफसेट. मूळ १५×६, ऑफसेट ४०: अर्धी रुंदी ७६.२, म्हणून आत ११६.२ आणि बाहेर ३६.२ मिलिमीटर. नवी १५×८, ऑफसेट २५: अर्धी रुंदी १०१.६, म्हणून आत १२६.६ आणि बाहेर ७६.६. म्हणजे चाक आत १० आणि बाहेर ४० मिलिमीटर सरकलं. आतले १० चालून जातात. बाहेरच्या ४० साठी मडगार्डची आतली दुमडलेली कड दाबून सपाट करावी लागते आणि कॅम्बर भरपूर लागतो. कमी ऑफसेटचा दुसरा तोटा म्हणजे स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक मारताना खड्ड्यावर हिसका देतं.

गणित जमलं तरी टायर चढवण्याआधी, किंवा एकच टायर चढवून, प्रत्यक्ष तपासा. अँटी-रोल बारची (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीची) लिंक सोडा, स्प्रिंग काढा, शॉक आणि बम्प स्टॉप जागेवर ठेवा, चाक लावा. आता खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक बम्प स्टॉप निम्मा दबेपर्यंत वर न्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मडगार्डची कड, आतलं प्लास्टिक, ब्रेकचा पाइप, वरचा आर्म, बार: प्रत्येक ठिकाणी बोट शिरलं पाहिजे. शंका असेल तिथे मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवा आणि ती किती दाबली गेली ते मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली तर ट्रॅकवर घासणार, कारण ताणाखाली बुश आणि टायर दोन्ही सरकतात.

स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) वापरलाच तर नट स्टडवर किमान आठ पूर्ण फेरे बसला पाहिजे. नट टॉर्क पान्यानेच आवळा. या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर लागतात. पहिल्या सेशननंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा तपासा.

स्प्रिंग, शॉक आणि उंची

या सांगाड्याचा मोठा दोष म्हणजे चाक वर जायला मिळणारी चाल मुळातच थोडी आहे. म्हणून स्प्रिंग मूळपेक्षा बरीच कडक लागते. नाहीतर गाडी बम्प स्टॉपवरच चालते. बम्प स्टॉप गाठला की त्या कोपऱ्याची ताठरता एका क्षणात अनेक पटींनी वाढते. पुढे गाठला तर नाक सरळ बाहेर, मागे गाठला तर शेपूट सुटतं. चालकाला वाटतं टायर गेला.

चाल संपते आहे का ते ओळखायला शॉकच्या दांड्यावर केबल टाय बांधा. सेशननंतर तो जिथे सरकलेला दिसेल तिथपर्यंत शॉक दबला होता. टाय दर वेळी बम्प स्टॉपमध्ये रुतलेला मिळाला तर गाडी फार खाली आहे किंवा स्प्रिंग मऊ आहे. एनए असेल तर एनबीचे वरचे माउंट बसवून चाल वाढवता येते. कमी पैशांत एवढा फायदा देणारं दुसरं काम या गाडीत क्वचितच सापडेल.

कडकपणाचे आकडे तीन एककांत भेटतात. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५६ पाउंड प्रति इंच. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही चालवायचं असेल तर पुढे ८ ते १०, मागे ५ ते ६ किलोच्या स्प्रिंगपासून सुरुवात करा. फक्त ट्रॅक आणि २२५चा चिकट टायर असेल तर पुढे १२.५, मागे ७, म्हणजे सुमारे ७०० आणि ४०० पाउंड, ही चालत आलेली जोडी आहे. १९५च्या टायरला एवढी कडक स्प्रिंग दिली तर खडबडीत ट्रॅकवर गाडी उड्या मारते. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर, सुमारे २०.८ किलोमीटरच्या त्या उंचसखल वळणावळणाच्या वाटेवर, मऊ जुळवणीच वेगवान ठरते.

आकडा आंधळेपणाने घ्यायचा नसेल तर स्वतः काढा. चाक २५ मिलिमीटर वर उचला आणि शॉक किती दबला ते मोजा. १७.५ दबला तर गुणोत्तर ०.७. चाकापाशी जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले गुणोत्तराचा वर्ग. समजा स्प्रिंग ९ किलोची: ८८.३ गुणिले ०.४९ म्हणजे ४३ न्यूटन प्रति मिलिमीटर. त्या कोपऱ्यावर, चाक-ब्रेकचं वजन वगळून, २२५ किलो भार असेल तर ४३,००० भागिले २२५ याचं वर्गमूळ सुमारे १३.८, त्याला ६.२८ ने भागा, उत्तर २.२ हर्ट्झ. साधी रस्त्याची गाडी सव्वा ते दीड हर्ट्झवर असते. हवेने गाडी खाली दाबणारे पंख नसलेल्या ट्रॅक-डे गाडीला १.८ ते २.४ योग्य.

कडक स्प्रिंगबरोबर मूळचा शॉक ठेवू नका. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकच्या रिबाउंडचं आहे. मूळ शॉक ते करू शकत नाही आणि कर्बनंतर गाडी दोन-तीनदा झुलते. एका नॉबच्या शॉकमध्ये सगळ्यात मऊ खुणेपासून सुरुवात करा, दर सेशनला दोन क्लिक वाढवा. झुलणं थांबलं की थांबा. त्यापुढे कडक केलं तर लहान उंचवट्यांवर टायर डांबर सोडतो. ब्रेक मारताना नाक टकटक उडू लागलं की दोन क्लिक मागे या.

उंचीच्या बाबतीत हात आवरा. दाराखालच्या पत्र्याच्या दुमडीपासून जमिनीपर्यंत पुढच्या टोकाला १२० ते १३० मिलिमीटर, मागच्या टोकाला त्याहून १० ते १५ जास्त. यापेक्षा खाली नेलं तर चाल संपतेच, शिवाय खालचे आर्म चाकाकडे वर चढलेले दिसू लागतात, रोल सेंटर (गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू) खाली घसरतं आणि गाडी उलट जास्त कलते.

भाग बसवताना आर्मचे बोल्ट हवेत लटकलेल्या गाडीवर पूर्ण आवळू नयेत. रबरी बुश लटकलेल्या स्थितीत घट्ट झाला तर गाडी खाली उतरल्यावर तो कायम पिळलेला राहतो, उंचीचे आकडे खोटे येतात आणि काही महिन्यांत बुश फाटतो. आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा, मगच टॉर्क द्या.

अलाइनमेंट

सुरुवातीचे आकडे, २००च्या टायरसाठी: पुढे कॅम्बर वजा २.५ ते वजा ३ अंश, मागे वजा २ ते वजा २.५. कॅस्टर (पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कल) ५ अंशांच्या आसपास, दोन्ही बाजूंना सारखा. पुढचा टो शून्य, किंवा दोन्ही चाकं मिळून १ मिलिमीटर बाहेर. मागचा टो दोन्ही मिळून २ मिलिमीटर आत. पंधरा इंची रिमच्या कडेला मोजलेला एक मिलिमीटर म्हणजे साधारण ०.१४ अंश, दुकानातल्या यंत्राचे आकडे पडताळायला उपयोगी.

मागचा टो बाहेर गेलेला कधीच चालवून घेऊ नका, अगदी अर्धा मिलिमीटरही. सरळ रस्त्यावर कळत नाही, पण वळणात पाय उचलला की शेपूट आधी न सांगता येतं. पुढचा टो जास्त बाहेर ठेवला तर गाडी वळायला चपळ होते, पण ब्रेकमध्ये भरकटते आणि टायरची आतली कड खाते.

मूळ बोल्टांवर पुढचा कॅम्बर वजा २ पर्यंतही मुश्किलीने जातो, आणि तिथे पोचताना कॅस्टर गमवावा लागतो. तीन अंश हवेच असतील तर लांब केलेले खालचे बॉल जॉइंट किंवा ऑफसेट बुश घालावे लागतात. त्यासाठी पैसे नसतील तर टायर १९५च ठेवा. दीड अंशावरचा २२५ म्हणजे सुरुवातीला सांगितलेलीच चूक.

अलाइनमेंट चालकाच्या वजनासह करा. सीटवर तुमच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवा, टाकी अर्धी भरा, हवा चारही टायरांत नेमकी ठेवा. घरी करायचं असेल तर सपाट फरशी, चार स्टँड आणि मासेमारीचा दोरा पुरतो: दोन्ही बाजूंना गाडीच्या मध्यरेषेशी समांतर दोरा ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजा. समांतर करताना दोरा हबच्या मध्यापासून मोजायचा, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वेगळं असतं हे ध्यानात ठेवायचं. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

चार वजनकाटे मिळाले तर कोपऱ्यांची वजनंही जुळवा. अँटी-रोल बारची एक लिंक सोडून ठेवा. समोरासमोरच्या तिरक्या दोन कोपऱ्यांची बेरीज एकूण वजनाच्या ५० टक्के यायला हवी, अर्धा टक्का इकडेतिकडे चालेल. एका कोपऱ्याची स्प्रिंग वर फिरवली की त्या आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरचं वजन वाढतं. म्हणून एकच कोपरा न पिळता चारही थोडे थोडे फिरवा: एक तिरकी जोडी अर्धा फेरा वर, दुसरी अर्धा फेरा खाली. उंची तशीच राहते. मगच लिंक पुन्हा जोडा, आणि ती ताणाशिवाय बसेल अशी लांबी ठेवा.

बारबद्दल थोडक्यात: पुढे जाड, मागे मूळचाच. साधा डिफरन्शियल (हलकं झालेलं चाक नुसतं फिरू देणारा) असलेल्या गाडीत मागचा बार जाड केला तर वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं आणि बाहेर पडताना ते नुसतंच फिरतं.

ट्रॅकवर: हवा आणि तापमान

इथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा मिळते, आणि इथेच लोक आळस करतात. लागतं काय? एक भरवशाचा गेज, एक सुईचा तापमापक, एक वही.

या वजनाच्या गाडीत २००च्या बहुतेक टायरांना गरम असताना ३० ते ३३ पीएसआय हवा लागते. थंड असताना २६ ठेवली तर किती चढेल? आतली हवा २५ अंशांवरून ७५ वर गेली तर गणिताने ती सुमारे ३३ होते, म्हणजे दर १० अंशांना जवळजवळ दीड पीएसआय. म्हणून सकाळी सातला भरलेली हवा दुपारच्या तापलेल्या डांबरावर चालत नाही. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये आल्याच्या पहिल्या मिनिटात मोजा आणि जास्तीची सोडा. चारही टायर वेगवेगळे चढतात. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावे टायर जास्त तापतात. अमेरिकेतल्या लगुना सेकासारख्या उलट्या दिशेच्या ट्रॅकवर उजवे. ध्येय थंड हवा सारखी ठेवण्याचं नाही, गरम हवा सारखी मिळवण्याचं आहे.

तापमान घेताना सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर खुपसा आणि आत, मधे, बाहेर अशा तीन जागा वाचा, सगळ्यात जास्त राबलेल्या चाकापासून सुरुवात करून. लांबून मोजणारी इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते, आणि तो पिटच्या रस्त्यावरच गार होतो. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश गरम असेल तर कॅम्बर बरोबर आहे. बाहेरची कड जास्त गरम: कॅम्बर कमी. आतली १५ अंशांनी पुढे: कॅम्बर जास्त, ब्रेकिंग कमकुवत होईल. मधली जागा दोन्ही कडांपेक्षा गरम: हवा जास्त. मधली दोघींपेक्षा गार: हवा कमी. जोडीला टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारा. रेघ भिंतीवर खालपर्यंत पुसली गेली तर टायर आडवा होतोय, रेघ पट्ट्याच्या कडेलाच शाबूत राहिली तर हवा किंवा कॅम्बर जास्त आहे.

गरम गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका. तो मागच्या कॅलिपरवर चालतो आणि तापलेलं पॅड डिस्कला डाग पाडतं. गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.

गाडी वळत नाही असं वाटलं तर आधी कुठे वळत नाही ते ठरवा. वळणात शिरतानाच नाक बाहेर जात असेल तर बहुतेक वेळा चालकाने ब्रेक एकदम सोडलेला असतो आणि पुढचं वजन उडून गेलेलं असतं; पाना हातात घ्यायच्या आधी पाय सुधारा. वळणाच्या मध्यावर, गाडी स्थिर असताना नाक जात असेल तर ते जुळवणीचं काम: पुढचा बार एक भोक मऊ करा किंवा पुढचा कॅम्बर अर्धा अंश वाढवा. बाहेर पडताना शेपूट सुटत असेल तर मागची गरम हवा तपासा, मग मागचा शॉक दोन क्लिक मऊ करा. एका वेळी एकच बदल, आणि बदल कळेल इतका मोठा. एक क्लिक इकडे, अर्धा पीएसआय तिकडे केलं तर काय लागू पडलं ते कोणालाच सांगता येत नाही. बदल चुकला तर मागे घ्या आणि ते वहीत लिहा.

पाऊस आला तर पुढचा बार आणि शॉक मऊ करा. तीन मिलिमीटरच खाचा उरलेला २००चा टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो. ते सेशन सोडून द्यायला लाज वाटू देऊ नका.

कडा असमान झिजल्या की टायर रिमवर उलटवून आयुष्य वाढवता येतं. बाणाची दिशा असलेला टायर उलटवला की गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावा. 'बाहेरची बाजू' असं छापलेला टायर उलटवायचा नाही.

भारतातल्या ट्रॅकवर पोलो

इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा ५ किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किट: पुण्या-मुंबईचे लोक बहुतेक या तिन्हींवर जातात, आणि फोक्सवॅगन पोलो तिथली नेहमीची गाडी आहे. क्रम तोच, आकडे वेगळे. पीसीडी ५×१००, भोक ५७.१, नटाऐवजी एम१४×१.५ बोल्ट, टॉर्क १२० न्यूटन-मीटर. मूळ १८५/६० आर १५चा व्यास ६०३ मिलिमीटर, ६.५ किंवा ७ इंची रिमवर १९५/५५ आर १५ घातला तर ५९५.५, म्हणजे सव्वा टक्का लहान, आणि हे माप भारतात सहज मिळतं.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग-शॉकचा खांबच चाक वरून धरतो अशी रचना) असल्यामुळे कॅम्बर वाढवायला वरच्या बाजूला कॅम्बर प्लेट लागते, वजा २.५ ते ३ अंश ठेवा. मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी, पिळली जाणारी तुळई) आहे, तिथे कॅम्बर-टो फक्त हबमागे शिम (पातळ चकती) घालूनच बदलतात. जोर पुढच्या चाकांना, म्हणून बार-स्प्रिंगचा हिशेब उलटा: गाडी वळवायची तर मागची बाजू कडक करायची. मागचे टायर कमी तापतात, म्हणून त्यांची थंड हवा पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवली तरच गरम आकडा जुळतो. उन्हाळ्यात चेन्नईला थंड हवा सकाळी सावलीत मोजा. उन्हात उभ्या गाडीचे उन्हाकडचे दोन टायर आधीच चढलेले असतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं अडचणीचं आहे. जर्मनीतही टायरचं माप आणि कॉइलओव्हर तपासून कागदपत्रांत नोंदवावे लागतात. जास्त बदल केलेली गाडी ट्रेलरवर न्या.

चालवतच घरी जाणार असाल तर निघण्याआधी हवा पुन्हा भरा. दिवसभर गरम असताना सोडलेली हवा संध्याकाळी गार झाल्यावर २२-२३ वर आलेली असते आणि महामार्गावर टायरच्या कडा तिथेच जळतात. एमएक्स-५च्या दारावरच्या पट्टीवर २६ पीएसआय लिहिलेलं असतं, तेवढी भरा. नट एकदा टॉर्क पान्याने तपासा. हात टायरच्या आतल्या कडेवरून पूर्ण फिरवा, कारण तार बाहेर आलेली कड बाहेरून दिसत नाही. ब्रेकचं पेडल दाबून बघा. सकाळपेक्षा मऊ लागलं तर तेल उकळलेलं आहे, आणि त्या पेडलवर घाट उतरायचा नाही.